कोणीही न छेडलेला गंधार

तंबोऱ्याला तारा चार असतात. पहिली पंचमात, रागात पंचम वर्ज्य असल्यास बहुधा मध्यमात, मधल्या जोडाच्या दोन षड्जात, आणि शेवटची खर्जाची, त्याच षड्जाच्या एक सप्तक खाली, अशी त्यांची मिळवणी असते. या चारांपैकी एकही तार गंधारात लावलेली नसते. तरीसुद्धा घोडीवर जवारीचा दोरा नेमक्या जागी सरकवून, आधी खुंट्या आणि मग मणी फिरवून, केसभराचाही फरक न ठेवता मिळवलेला तंबोरा काही वेळ सलग छेडत राहिले म्हणजे त्या गुंजारवातून एक गंधार हळूहळू वर येऊ लागतो, आणि कानाने तो एकदा टिपला की पुढे काही केल्या लपत नाही. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने त्यात गूढ असे काही नाही. कोणतीही तार कंप पावताना मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे स्वरांशही निर्माण करीत असते; खर्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश गंधारावर येतो, आणि जवारीमुळे तार घोडीच्या वक्र पृष्ठभागाला हलकेच स्पर्श करीत राहिल्याने या वरच्या स्वरांशांना बळ मिळते. मात्र जोडाच्या तारा किंचित जरी चढल्या किंवा उतरल्या, तरी त्यांचे स्वरांश खर्जाच्या स्वरांशांशी भांडू लागतात, आणि त्या कलहात गंधार हरवून जातो. तो असतो खर्जाच्याच पोटात. पण त्याला प्रकट व्हायचे तर शेजारच्या तारांना आपापल्या जागी चोख राहावे लागते.

दोन गोष्टी परस्परांना पूरक आहेत असे आपण सहज म्हणून जातो, आणि तसे म्हणताना बहुतेक वेळा त्या दोघींची बेरीज तेवढी आपल्या मनात असते. तंबोऱ्यात घडते ते या बेरजेच्या पलीकडचे आहे: प्रत्येक तार आपल्या मर्यादेत प्रामाणिकपणे राहते, आणि त्या राहण्यातून एकीच्याही नावावर नसलेली तिसरीच वस्तू जन्मास येते. स्वयंपाकघरापासून रंगभूमीपर्यंत आणि शेतापासून गावच्या दप्तरापर्यंत हीच कसोटी लावून पाहिली, तर खरी पूरकता कोठे नांदते आहे आणि कोठे तिचे नुसते नाव घेतले जात आहे, हे पुष्कळ अंशी उमगते, असे मला वाटते.

तबल्याचेच पाहा. उजव्या हाताचा तबला लाकडाचा, तोंडाने लहान, षड्जात मिळवलेला, आवाजाने टणक. डाव्या हाताचा डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा, पोटाने मोठा, घुमारदार, आणि मनगटाच्या दाबाने ज्याचा स्वर वरखाली हेलकावे घेऊ शकतो असा. तबल्याच्या पुडीवरील शाई मध्यभागी असते, तर डग्ग्यावरील एका बाजूला सरकलेली. एकाच घरात वाढलेली ही दोन भावंडे स्वभावाने इतकी निराळी आहेत; आणि ज्या ‘धा’ने तीनतालाची सम पडते, तो ‘धा’ या दोहोंपैकी एकालाही एकट्याने काढता येत नाही. उजव्याचा ‘ना’ आणि डाव्याचा ‘घे’ एकाच क्षणी पडावे लागतात, आणि मग ऐकणाऱ्याला दोन आघात ऐकू न येता एकच, भरीव, तृप्त असा ध्वनी ऐकू येतो. शाईचे महत्त्व शास्त्रज्ञांच्याही ध्यानात आले होते. कलकत्त्यास असताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात शिवकाली कुमार यांच्यासह भारतीय चर्मवाद्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. साध्या ताणलेल्या कातड्याचे स्वरांश एकमेकांशी पूर्णांकांच्या प्रमाणात नसतात, म्हणून बहुतेक ढोलांचा आवाज सुरात बसत नाही. परंतु मृदंगाच्या व तबल्याच्या पुडीवर जो लेप चढवलेला असतो, त्याच्या वजनाने हे स्वरांश प्रमाणबद्ध होतात, आणि चामड्याला तारेसारखा सूर लाभतो, असे त्यांनी दाखवून दिले. लोहचूर्ण मिसळलेल्या त्या काळ्या खळीचे थरावर थर घोटणाऱ्या कारागिरांना हे गणित कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या कानाने ते शतकांपूर्वी सोडवून ठेवले होते.

त्याहूनही मला विलक्षण वाटते ती खाली. तीनतालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेवर खाली येते, आणि त्यानंतरच्या काही मात्रा डग्गा अजिबात बोलत नाही. ‘धिं’च्या जागी ‘तिं’ आणि ‘धा’च्या जागी ‘ता’ ऐकू येतो. आवर्तनात आपण कोठे आहोत हे गायकाला डोळे मिटूनही कळते, ते या मौनामुळेच. डग्गा सोळाही मात्रा सारखा घुमत राहिला असता तर ठेका अधिक भरलेला वाटला असता खरा, पण त्याला चेहरा उरला नसता. भरीला अर्थ येतो तो खालीमुळे, आणि समेवर परतणारा ‘धा’ इतका हवासा वाटतो तोही मधल्या त्या रितेपणामुळेच.

साथसंगतीची सारी कला या मौनाच्या जाणिवेवर उभी आहे, आणि तिचा इतिहास पाहू लागले म्हणजे आपल्याकडे पेटीवरून झालेला मोठा वाद आठवल्यावाचून राहत नाही. हार्मोनियम हे मूळचे युरोपचे वाद्य. एकोणिसाव्या शतकात ते हिंदुस्थानात आले, जमिनीवर बसून वाजवता येईल असे त्याचे रूप इथल्या कारागिरांनी घडवले, आणि पाहता पाहता संगीत नाटकापासून कीर्तनापर्यंत त्याने आपले बस्तान बसवले. त्यावरचा आक्षेप खोटा नव्हता. पेटीचे स्वर पट्टीशी बांधलेले. त्यांना ना मींड घेता येते, ना आंदोलन. दरबारीचा तो डोलणारा, खाली झुकणारा गंधार पेटीच्या कोणत्याच पट्टीखाली सापडत नाही, आणि सप्तकाचे बारा समान तुकडे केल्यामुळे तंबोऱ्याशी तिचा सूर पूर्णांशाने जुळतही नाही. याच कारणांस्तव १९४० साली आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला, आणि ही बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. सारंगीची गोष्ट निराळी: नखाच्या मुळाशी तार दाबून वाजणारी ती गळ्याची सावलीच, गायकाची प्रत्येक मींड जशीच्या तशी उचलणारी.

असे असूनही गायकाला पेटी हवीशी का वाटली? गळ्यात जे आहे तेच सारंगी देते. गळ्याला ज्याची उणीव भासते ते पेटी देते. श्वास घेण्यासाठी गायक थांबतो तेव्हा सूर अखंड धरून ठेवणारे, नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारे, आणि नटाला तत्क्षणी हुकमी सूर देणारे असे वाद्य त्या काळात दुसरे नव्हते. मात्र पेटीला साथीला योग्य करण्याचा सारा भार वाजवणाऱ्याच्या विवेकावर पडला. गोविंदराव टेंबे हे स्वतंत्र पेटीवादनासाठी विख्यात होते, भर मैफल एकट्याने जिंकण्याची त्यांची ताकद होती. परंतु भास्करबुवा बखल्यांच्या मागे साथीला बसताना त्यांचे काम वेगळे होते. बुवांच्या गायकीत ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांच्या तालमी एकवटल्या होत्या, आणि तिच्या मागोमाग जाणे म्हणजे जे येते त्यातले पुष्कळसे न वाजवणे होते. ज्या स्वराला आंदोलन हवे तो पेटीवर पुसटसा दाखवून सोडून द्यावा, गायक एखाद्या जागेची बांधणी करीत असता तिचा शेवट आधीच वाजवून टाकू नये, आणि त्याने विसावा घेतला की त्याच्याच वाक्याचा धागा दोन स्वरांत पुढे न्यावा, हा साथीदाराचा धर्म. पेटीचे जे वैगुण्य आक्षेपकांनी दाखवले, ते नाकारून कोणी मोठा साथीदार झाला नाही. ते ओळखून, त्याच्याभोवती वाट काढून झाला.

याच टेंब्यांनी चाली दिलेल्या एका नाटकाच्या संदर्भात मराठी रंगभूमीने पूरकतेचा एक अपूर्व प्रयोग पाहिला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. पुढे दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईच्या बालीवाला थिएटरात गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी त्याचा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव भोसले धैर्यधर. दोघांचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येत, आणि दोघांची गायकीही परस्परांपासून फार दूरची होती: केशवरावांचा गळा चढा, तेजस्वी, तानेच्या आवेशाने प्रेक्षागृह दणाणून सोडणारा, बालगंधर्वांचा मृदू, लडिवाळ, शब्दातील भाव न दुखावता स्वराला वळवणारा. नाटकातले धैर्यधर आणि भामिनी हेही मानापमानाने परस्परांविरुद्ध उभे ठाकलेले, हा योग तर अधिकच नामी. चुरस होती म्हणून दोघेही जीव ओतून गायिले असतील. पण एका धाटणीचे दोन गवई समोरासमोर आले असते तर ती शर्यत झाली असती, आणि इथे मात्र एकाच्या तेजाने दुसऱ्याचे मार्दव अधिक उठून दिसले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, केशवरावांचे ऐन तारुण्यात निधन झाले, आणि तो योग पुन्हा येणे नव्हते.

रंगभूमीवरून स्वयंपाकघरात आले तरी तत्त्व बदलत नाही. पुरणपोळीच्या दिवशी हरभऱ्याची डाळ शिजली की तिच्यावरचे दाट पाणी, म्हणजे कट, निराळा काढतात. खाली उरलेली डाळ गुळात आटून, पुरणयंत्रातून निघून, जायफळ-वेलदोड्याच्या वासाने पोळीत जाऊन बसते, आणि त्या कटाला चिंच, गोडा मसाला, खोबरे व चमचाभर पुरण लावून तिखट, पातळ, रसरशीत आमटी होते. एकाच डाळीची ही दोन अपत्ये ताटात पुन्हा भेटतात. गोडाने जीभ जडावली की आमटीचा घोट ती मोकळी करतो, आणि पुढचा घास पहिल्या घासासारखा लागतो. कट फेकून देण्याऐवजी त्याचे असे सोने करणाऱ्या ज्या कोण्या अज्ञात गृहिणी होऊन गेल्या, त्यांची रसिकता मला कोणत्याही कलावंताच्या तोडीची वाटते.

चवीच्या खाली पोषणाचाही एक हिशेब चालू असतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू या तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचे आवश्यक द्रव्य कमी पडते. डाळींत ते मुबलक असते, परंतु मेथिओनिन नावाचे दुसरे द्रव्य डाळींत तोकडे, आणि धान्यांत पुरेसे. भाकरीबरोबर पिठले, भाताबरोबर वरण, मुगाच्या डाळीची खिचडी, या जोड्या ज्यांनी लावल्या त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हत्या, पण एकाची तूट दुसऱ्याच्या शिलकीतून भरून काढणारा हा जमाखर्च त्यांनी अचूक मांडला. पालेभाजीवर लिंबू पिळतात तेही निव्वळ चवीपुरते नाही. वनस्पतीतले लोह शरीराला सहजी घेता येत नाही, आणि लिंबातील क जीवनसत्त्व ते घेण्याजोगे करते. उलट जेवणाबरोबरच चहा घेतला तर त्यातील द्रव्ये त्याच लोहाला अडवून धरतात. शेजारी मांडल्या म्हणून सगळ्याच वस्तू परस्परांच्या उपयोगी पडतात असे नाही, हे ताटही सांगते.

ताटातली जोडी मुळात शेतातली. बाजरीच्या दोन ओळी आणि तुरीची एक, अशी पेरणी कोरडवाहू मुलखात चालत आली आहे. बाजरी झपाट्याने वाढून तीन महिन्यांच्या आसपास काढणीला येते. तूर तोवर सावकाश, मान खाली घालून वाढत असते, आणि बाजरी निघून गेली की मोकळ्या झालेल्या जागेत, खोल गेलेल्या मुळांच्या बळावर, उरलेल्या ओलीवर फांद्या पसरते. तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र बांधून ठेवतात, त्याचा लाभ पुढल्या हंगामाच्या पिकालाही मिळतो. दोघींची भूक एका वेळी लागत नाही, म्हणून एका वावरात त्यांचा संसार होतो.

रंगांच्या बाबतीत याच गोष्टीची शास्त्रोक्त चौकशी पॅरिसमध्ये झाली. तेथील गोबेलँ या प्रसिद्ध गालिचे-कारखान्यात मिशेल यूजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख होते. काळ्या रंगाचे सूत गालिच्यात फिके दिसते अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी रंग तपासला, तर तो निर्दोष. दोष शेजारच्या रंगांचा होता. पुढे १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी रंगांच्या या परस्परप्रभावाचा नियम मांडला: तांबडा हिरव्याशेजारी ठेवला तर दोन्ही अधिक उजळ होतात, आणि जवळजवळच्या छटा शेजारी आल्या तर एकमेकींना मंद करतात. आपल्याकडील हिरव्या अंगाला तांबडा काठ लावणारे विणकर, किंवा एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दुसरा रंग खेळवून गंगाजमनी काठ विणणारे साळी, हेच मागावर बसून पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

आता जरा अवघड भागाकडे वळले पाहिजे, कारण पूरकतेचे कौतुक करणारे लेखक तेथे येऊन बहुधा थबकतात. जुन्या दख्खनी गावाचा कारभार पाटील आणि कुळकर्णी या दोन वतनदारांवर चाले. पाटलाकडे अंमल: वसुली, बंदोबस्त, तंट्याबखेड्यांचा निवाडा, काळी आणि पांढरी या दोहोंची राखण, कुळकर्ण्याकडे दप्तर: लावणीचे तपशील, वसूलबाकीचा ताळेबंद, हुजुरास जाणारे कागद. महजरावर एकाची निशाणी नांगर, दुसऱ्याची लेखणी. वसूल करणारा हात आणि हिशेब लिहिणारा हात निराळे ठेवण्यात शहाणपण होते यात शंका नाही. मात्र दोघांचे संगनमत झाले की रयतेला गावात दाद मागायला जागा उरत नसे, हेही तितकेच खरे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ सालच्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेची जी चिरफाड केली आहे, ती वाचल्यावर जुन्या गावाचे गुळगुळीत चित्र रंगवणे कोणाही प्रामाणिक माणसाला अशक्य व्हावे.

बलुतेदारीविषयी तर हे अधिकच लागू आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग या सर्वांची कामे शेतकऱ्याच्या कामास पूरक होती असे पुस्तकांतून मोठ्या गोडव्याने सांगण्यात येते. पण महारांच्या वाट्याला अष्टौप्रहर सरकारी व गावकीची बिगार, आणि मोबदल्यात तुटपुंजे बलुते व तिरस्कार आला. हे काम नको म्हणण्याचा अधिकार त्यांना नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते नेमके या गुलामगिरीवर बोट ठेवण्यासाठी, आणि गावची ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. साथीला बसलेला पेटीवादक उद्या स्वतंत्र वाजवू शकतो, हवे तर साथ सोडू शकतो. म्हणूनच त्याने राखलेले मौन मोलाचे ठरते. ज्याच्या तोंडावर हात दाबून धरला आहे त्याच्या गप्प राहण्याला खाली म्हणणे हा अन्याय आहे, आणि जेथे एकाची उणीव दुसऱ्याने जाणूनबुजून निर्माण केलेली आहे तेथे त्या नात्याला पूरकता म्हणण्यास माझे मन घेत नाही.

स्वखुशीने जुळलेल्या जोडीचे एक दुर्मीळ उदाहरण ‘प्रभात’च्या इतिहासात आहे. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे दोघे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले, आणि १९२९ साली व्ही. शांताराम प्रभृतींसह प्रभात फिल्म कंपनीचे संस्थापक झाले. फत्तेलाल चित्रकार, नेपथ्याचे मर्मज्ञ, कंपनीत साहेबमामा म्हणून ओळखले जाणारे. दामले यंत्राचे मर्म जाणणारे, आणि बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारे. एकाचा डोळा आणि दुसऱ्याचा कान अशी ही वाटणी, आणि दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली पडद्यावर आला. पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवात त्याचा गौरवपूर्वक उल्लेख झाला.

या चित्रपटात विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा अभंगात इतका विरघळलेला आहे की त्याला घरातल्या रित्या मडक्यांचे भान नसते. ते भान गौरीबाईंची जिजाई ठेवते. ती भांडते, कपाळ बडवते, नवऱ्यावर आणि पांडुरंगावर सारखाच राग काढते, आणि पोर आजारी पडल्यावर हातात वहाण घेऊन थेट देवळात त्या विठ्ठलाचा समाचार घ्यायला निघते. दामले-फत्तेलाल यांनी तिला नवऱ्याच्या भक्तीतली धोंड म्हणून रंगवले नाही, याबद्दल मराठी प्रेक्षकाने त्यांचे कायमचे ऋणी राहिले पाहिजे. तिचे भांडण खरे आहे, कारण मुले खरीच उपाशी आहेत. आणि तुकोबाची तन्मयता खोटी वाटत नाही ती याच कारणाने, की तिची किंमत कोण मोजते आहे हे चित्रपट एका क्षणासाठीही नजरेआड होऊ देत नाही. पागनिसांच्या गळ्याची वाखाणणी आजवर पुष्कळ झाली आहे. गौरीबाईंच्या त्या वहाणेवर मात्र अजून कोणीतरी सविस्तर लिहायला हवे.